जुन्या विमानाला ब्रशलेसचे बळ
दूरनियंत्रित विमानासाठी नव्या विद्युत सामग्रीची निवड कशी करावी?

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कभोवती वसलेल्या एखाद्या सोसायटीत घर बदलताना माळ्यावरून एक लांबट खोके खाली येते आणि त्यातून बाल्सा लाकडाचे जुने दूरनियंत्रित विमान निघते. पंखांवरचे आवरण जागोजागी सैल झालेले असते, निकेल-कॅडमियम बॅटरीच्या टोकांवर पांढरट भुकटी साचलेली असते आणि ट्रान्समीटरचा लांबलचक अँटेना वाकलेला असतो. ते विमान कधी वडिलांनी रात्री जागून बांधलेले असते, तर कधी महाविद्यालयाच्या सुट्टीत स्वतःच घडवलेले असते. सांगाडा मात्र बहुधा शाबूत असतो. तो पुन्हा आकाशात जावा, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे.

त्यानंतर प्रश्न उभा राहतो तो सामग्रीचा. जुनी ब्रश असलेली मोटर, तिचा स्पीड कंट्रोलर आणि बॅटरी काढून त्यांच्या जागी ब्रशलेस मोटर, नवा कंट्रोलर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी बसवायची, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु दुकानात किंवा संगणकाच्या पडद्यावर शेकडो मोटरी समोर येतात आणि त्यांवरचे आकडे पाहून गोंधळ उडतो. अशा वेळी 'सर्वांत शक्तिमान ती घ्यावी' हा मोह अनावर होतो. तो घातक ठरतो. मोटर बाजारात पुन्हा मिळते. तीन महिने खपून बांधलेला सांगाडा मिळत नाही. म्हणून निवडीची सुरुवात मोटरीपासून न करता विमानापासून करावी आणि वजन, शक्ती, प्रोपेलर, मोटर, कंट्रोलर व बॅटरी या क्रमाने एकेक पायरी उतरत जावे, हा या विषयातला सर्वांत उपयुक्त नियम होय.

ब्रश गेला, काय आले?

विजेवर चालणारे दूरनियंत्रित विमान ही अगदी अलीकडची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ३० जून १९५७ रोजी 'रेडिओ क्वीन' हे विमान विजेच्या मोटरीवर उडवल्याची नोंद आहे. तरीही पुढची कित्येक दशके या छंदावर इंधनाच्या छोट्या इंजिनांचेच राज्य होते. कारण बॅटरी जड होती आणि मोटर उधळी.

ब्रशच्या मोटरीत तारेची वेटोळी आतल्या फिरत्या भागावर असतात आणि चुंबक बाहेरच्या स्थिर डब्यात असतो. फिरत्या वेटोळ्यांना वीज पोहोचवण्यासाठी कार्बनचे ब्रश दिक्परिवर्तकावर घासत राहतात. या घर्षणात आणि ठिणग्यांत ऊर्जा वाया जाते, ब्रश झिजतात आणि रेडिओच्या संदेशात व्यत्यय येतो. स्वस्तातल्या ब्रश मोटरी बॅटरीतून घेतलेल्या शक्तीपैकी साधारणपणे ५० ते ६० टक्केच प्रोपेलरपर्यंत पोहोचवत असत. उरलेल्या शक्तीची उष्णता होई.

ब्रशलेस मोटरीत ही रचना उलटी असते. वेटोळी स्थिर राहतात, चुंबक फिरतात आणि कोणत्या वेटोळ्यात केव्हा वीज सोडायची, हे काम इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर करतो. ज्या वेटोळ्यात त्या क्षणी वीज सोडलेली नसते, त्यात निर्माण होणारा विरोधी विद्युतदाब मोजून कंट्रोलर चुंबकाची स्थिती ओळखतो. यामुळे कार्यक्षमता ७५ ते ८५ टक्क्यांपर्यंत जाते. १९८०च्या दशकात आलेले निओडिमियमचे बलवान चुंबक आणि २०००नंतर छंदाच्या बाजारात आलेल्या लिथियम-पॉलिमर बॅटरी या दोहोंची जोड मिळाल्यावर चित्र पालटले. त्या काळात अनेक हौशी मंडळींनी जुन्या सीडी-रॉम ड्राइव्हमधल्या छोट्या मोटरी काढून, त्यांना नव्याने तार गुंडाळून विमानांवर बसवल्या होत्या.

हे तंत्र आज पिंपरी-चिंचवड परिसराला परके राहिलेले नाही. बजाजच्या विजेवरच्या चेतक स्कूटरची निर्मिती आधी चाकण येथे आणि २०२२पासून आकुर्डी येथे सुरू झाली. तिची मोटर ब्रशविरहितच आहे. घरातला 'बीएलडीसी' पंखाही त्याच कुळातला. नेहमीचा पंखा ७० ते ७५ वॅट खातो, तिथे हा पंखा ३० वॅटच्या आसपास भागवतो. विमानालाही ब्रशलेसकडून मिळणारी खरी देणगी हीच, की तेच काम कमी वजनात आणि कमी विजेत होते. जोर वाढवण्याची सोय त्यानंतर येते.

आधी विमान तपासावे

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी विमान स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ठेवावे. जुनी मोटर, बॅटरी, कंट्रोलर आणि रिसीव्हर यांचे वजन स्वतंत्रपणे लिहून ठेवावे. पुढचा सारा हिशेब याच आकड्यांवर चालतो.

त्यानंतर सांगाड्याची परीक्षा. पंख दोन्ही टोकांना धरून हलकेच पिळावा. करकर आवाज आला तर जुना डिंक सुटला आहे असे समजावे. पंखाचा मधला सांधा, चाकांची बैठक, शेपटीचे सांधे आणि नाकातली, मोटर जिच्यावर बसते ती प्लायवूडची आडवी फळी, ही चार ठिकाणे विशेष काळजीने पाहावीत. सुटलेले सांधे पुन्हा चिकटवावेत, सैल आवरण इस्त्रीने ताणून घ्यावे, फाटलेले बदलावे. सुकाणूंच्या बिजागऱ्या बोटाने ओढून पाहाव्यात. गळलेल्या निकेल-कॅडमियम बॅटरीतला अल्कधर्मी द्रव तारेच्या आतून पुढे सरकतो आणि तांबे काळे पाडतो. त्यामुळे बॅटरीला जोडलेली तार आणि स्वीच वरून चांगले दिसले तरी ते काढूनच टाकावेत.

हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. शिकाऊ वैमानिकाचे, वर पंख असलेले एक विमान आहे. पंखपसारा १.४ मीटर, पंखाची रुंदी २० सेंटिमीटर आणि उड्डाणाच्या तयारीतले वजन १,३०० ग्रॅम. त्यावर '६००' वर्गाची सुमारे २०० ग्रॅमची ब्रश मोटर आणि सात सेलची, सुमारे ४०० ग्रॅमची निकेल-कॅडमियम बॅटरी आहे. नव्या व्यवस्थेत मोटर ७५ ग्रॅमची आणि बॅटरी १९० ग्रॅमची पुरेल. कंट्रोलर आणि रिसीव्हर मिळून आणखी ४० ग्रॅम वाचतील आणि नव्या बैठकीचे २५ ग्रॅम वाढतील. म्हणजे तेच विमान आता ९५० ग्रॅमचे झाले. एक चतुर्थांशाहून अधिक वजन कमी! अधिक शक्ती न देताही ते पूर्वीपेक्षा हळू उतरेल आणि कमी धावेत उठेल.

किती वॅट हवेत?

वजन कळले, की शक्ती ठरते. हौशी मंडळींमध्ये रूढ झालेला ठोकताळा असा : मोटर असलेल्या ग्लायडरला दर किलोला सुमारे ११० वॅट पुरतात, शिकाऊ किंवा संथ विमानाला १५० ते २०० वॅट, साध्या कसरती करणाऱ्याला २२० ते २६०, आणि प्रोपेलरच्या जोरावर हवेत उभे राहणाऱ्या विमानाला ३३०हून अधिक. हे वॅट बॅटरीतून घेतलेल्या शक्तीचे आहेत.

आपल्या ९५० ग्रॅमच्या विमानाला किलोला १९० वॅट धरले, तर सुमारे १८० वॅट लागतील. बाजारात ५०० वॅटची मोटर थोड्याच अधिक किमतीत मिळते, हे खरे. परंतु हा सांगाडा बांधणाऱ्याने तो ब्रश मोटरीच्या बेताच्या जोरासाठी बांधला होता. जुन्या पंखाचा आधारदंड, तीस वर्षांचा डिंक आणि कापडी बिजागऱ्या यांना दुप्पट वेगाची सवय नाही. वेग दुप्पट झाला, की हवेचा भार चौपट होतो. पूर्ण थ्रॉटलवर सूर मारणाऱ्या जुन्या विमानाचा पंख दुमडतो तो यामुळेच.

प्रोपेलरची मर्यादा

पुढची पायरी प्रोपेलरची. विमान सपाट जमिनीवर, शेपूट वर उचलून उभे करावे आणि मोटरीच्या आसापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. त्यातून किमान अडीच ते तीन सेंटिमीटर वजा करावेत आणि उरलेल्याची दुप्पट करावी. प्रोपेलरचा व्यास त्याहून मोठा असू नये. जुन्या ब्रश मोटरी लहान प्रोपेलर अतिवेगाने फिरवत, म्हणून त्या काळच्या काही विमानांची चाके आखूड असतात. ही मर्यादा आधी न मोजणाऱ्याला मोटर बसवल्यानंतर चाके बदलावी लागतात.

प्रोपेलरवर दोन आकडे असतात. '१० बाय ५' याचा अर्थ व्यास १० इंच आणि पिच ५ इंच. म्हणजे एका फेऱ्यात तो न घसरता गेला तर ५ इंच पुढे जाईल. समान फेऱ्यांना लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. त्यामुळे ९ ऐवजी १० इंची प्रोपेलर लावला, की मागणी जवळजवळ दीडपट होते. एका इंचाने काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांच्या मोटरी जळतात त्या याच कारणाने.

पिचमधून वेगाचा अंदाज येतो. ५ इंची पिच मिनिटाला ८,४०० फेऱ्यांवर ताशी सुमारे ६४ किलोमीटरचा वेग देते. आपले उदाहरणातले विमान ताशी २५ ते २८ किलोमीटरच्या खाली गेले, तर हवेत तरू शकणार नाही. या किमान वेगाच्या अडीच पटीच्या आसपास पिचचा वेग असावा, असे मानले जाते. म्हणजे १० बाय ५ हा प्रोपेलर येथे योग्य ठरतो.

मोटरीवरचे आकडे

आता कुठे मोटरीची पाळी येते. तिच्यावरचा 'केव्ही' हा आकडा किलोव्होल्टचा नव्हे. बिनभाराची मोटर दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे घेईल, ते तो सांगतो. तीन सेलच्या बॅटरीचा दाब भाराखाली साधारण १०.५ व्होल्टपर्यंत उतरतो. १,००० केव्हीच्या मोटरीला त्यावर बिनभाराचे १०,५०० फेरे मिळतील. प्रोपेलरच्या भाराखाली त्यांतले ८० टक्के, म्हणजे ८,४०० उरतात. आपल्याला हवे होते तेवढेच. लहान प्रोपेलरला जास्त केव्ही, मोठ्याला कमी, हे सूत्र लक्षात ठेवावे. केव्ही जास्त म्हणजे मोटर जोरदार, ही समजूत चुकीची आहे.

दुसरा आकडा आकाराचा असतो आणि त्यात एक खोच आहे. काही उत्पादक मोटरीचे बाहेरचे माप देतात, तर काही आतल्या स्थिर गाभ्याचे. त्यामुळे '२२१२' आणि '२८२६' असे लिहिलेल्या दोन मोटरी जवळजवळ सारख्याच आकाराच्या असू शकतात. म्हणून नावापेक्षा वजन पाहावे. चांगल्या मोटरीने प्रत्येक ग्रॅमला जास्तीत जास्त ३ वॅट सोसावेत, हा सुरक्षित अंदाज आहे. १८० वॅटसाठी ६० ग्रॅम ही किमान मर्यादा झाली. ७५ ग्रॅमची मोटर निवडल्यास ती थंड राहील. भारतात सर्वत्र सहज मिळणारी 'ए २२१२' ही १,००० केव्हीची मोटर सुमारे ५० ग्रॅमची असते. पाच-सहाशे ग्रॅमच्या, पूर्वी '४००' वर्गाची मोटर असलेल्या विमानाला ती उत्तम आहे. परंतु किलोभर वजनाच्या विमानासाठी ती तोकडी पडते.

कंट्रोलर : तीन तारा आणि काही अटी

ब्रशच्या कंट्रोलरमधून मोटरीकडे दोन तारा जातात, ब्रशलेसच्या कंट्रोलरमधून तीन. त्यामुळे जुना कंट्रोलर वापरता येत नाही. नव्या मोटरीचे फिरणे उलटे असेल, तर तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल कराव्यात. बॅटरीकडच्या लाल-काळ्या तारा मात्र कधीही उलट जोडू नयेत. कंट्रोलर तत्काळ जळतो.

१८० वॅटला १०.५ व्होल्टने भागले, की सुमारे १७ अँपिअर मिळतात. त्याच्या दीडपट क्षमतेचा, म्हणजे ३० अँपिअरचा कंट्रोलर घ्यावा. मोठा कंट्रोलर मोटरीला अधिक वीज 'ढकलत' नाही; मोटर व प्रोपेलर मिळून जेवढी ओढतील तेवढीच वीज त्यातून जाते. त्यामुळे क्षमता थोडी जास्त असल्यास काहीच बिघडत नाही, कमी असल्यास सारेच बिघडते.

बहुतेक कंट्रोलरमध्ये रिसीव्हर आणि सर्व्होंसाठी ५ व्होल्टचा पुरवठा असतो. तो साध्या 'लिनियर' पद्धतीचा असेल, तर उरलेले व्होल्ट उष्णतेत घालवतो. तीन सेलच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सर्व्होंनी १ अँपिअर घेतला, तर ७ वॅटहून अधिक उष्णता एका इवल्याशा भागात साठते. तो तापून बंद पडला, की मोटरीबरोबर सुकाणूही बंद. चार सर्व्हो असलेल्या, त्यातही जुने मोठे सर्व्हो असलेल्या विमानात 'स्विचिंग' पद्धतीचा पुरवठाच घ्यावा.

आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय असते. तो निकेलवर राहिला, तर लिथियमच्या बॅटरीचा दाब धोक्याच्या पातळीखाली जाईपर्यंत मोटर चालू राहते आणि बॅटरी कायमची निकामी होते. पहिल्याच दिवशी तो लिथियमवर करून घ्यावा.

बॅटरी : हलकी, पण लहरी

लिथियम-पॉलिमरच्या प्रत्येक सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. सेलची संख्या वाढवणे हा सर्वांत मोठा बदल असतो. तीच मोटर आणि तोच प्रोपेलर ठेवून दोन सेलवरून तीनवर गेल्यास प्रवाह सुमारे सव्वादोन पट आणि शक्ती तिपटीहून अधिक होते. प्रोपेलर लहान केल्याशिवाय असा बदल करू नये.

तीन सेलची २,२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी १८० ते १९० ग्रॅमची असते. तिच्यातली ८० टक्केच वीज वापरायची म्हटली, तरी १७ अँपिअरच्या पूर्ण जोरावर सहा मिनिटे मिळतात. प्रत्यक्षात थ्रॉटल निम्म्याच्या आसपास राहत असल्याने दहा-बारा मिनिटे सहज उडता येते. ट्रान्समीटरचे घड्याळ सुरुवातीला आठ मिनिटांवर लावणे शहाणपणाचे. बॅटरीवरचा 'सी' हा आकडा ती किती वेगाने वीज देऊ शकते ते सांगतो. २५ सी असेल तर कागदोपत्री ५५ अँपिअर. हे आकडे बरेचदा फुगवलेले असतात. म्हणून गरजेच्या दुपटीहून अधिक क्षमता धरावी.

जुना निकेल-कॅडमियमचा चार्जर या बॅटरीला कधीही लावू नये. आग लागण्याचे ते हमखास कारण आहे. प्रत्येक सेल समान भरणारा 'बॅलन्स' चार्जर हा खर्चाचा अनिवार्य भाग समजावा. २,२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २.२ अँपिअरने, फरशीवर, डोळ्यांसमोर भरावी. वापर नसताना ती प्रत्येक सेलला सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या असलेल्या मोटारगाडीत ती ठेवणे धोक्याचे. फुगलेली बॅटरी भरू नये, टोचू नये आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. जुन्या बॅटरीतला कॅडमियम विषारी आहे. 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२' लागू झाल्यापासून अशा बॅटऱ्या पुनर्वापरासाठी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती नव्या-जुन्या दोन्ही बॅटऱ्यांसह ई-कचरा संकलनाकडेच द्यावी.

रेडिओ आणि सर्व्हो

जुने संच २७, ३५, ४० किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या आसपास, क्रिस्टलवर चालत. शेजारी कोणी त्याच क्रिस्टलचा ट्रान्समीटर सुरू केला, की विमान हातचे गेलेच. २००५-०६पासून या छंदात २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखून असतात, त्यामुळे ही टक्कर संपली. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५मध्ये परवानामुक्त झाला. नवी मोटर बसवणाऱ्याने रेडिओही बदलावा. संदेश तुटला तर मोटर आपोआप बंद होईल, अशी 'फेलसेफ' व्यवस्था लावून घ्यावी.

सर्व्हो चांगले असतील तर ठेवता येतात. मात्र जुने सर्व्हो ४.८ व्होल्टसाठी बनलेले असत. त्यांना ५ व्होल्ट चालतात, ६ व्होल्टचा पुरवठा मात्र टाळावा. काही जुन्या एअरट्रॉनिक्स सर्व्होंच्या प्लगमध्ये तारांचा क्रम आजच्यापेक्षा निराळा असे. रंग न पाहता ते नव्या रिसीव्हरला जोडले, तर सर्व्हो जळू शकतात.

बैठक आणि तोल

ब्रशची मोटर नळीत घट्ट बसवलेली असे. आजच्या बहुतेक ब्रशलेस मोटरींचा बाहेरचा डबाच फिरतो. म्हणून ती नळीत आवळता येत नाही, मागच्या बाजूने फळीवर स्क्रूने बसवावी लागते. डब्याभोवती मोकळी जागा हवी आणि तिन्ही तारा त्याला घासणार नाहीत, अशा बांधून टाकाव्यात. जुन्या मोटरीचा आस किंचित खाली आणि उजवीकडे झुकलेला असेल, तर तो मूळ रचनाकाराने मुद्दाम दिलेला कोन असतो. तो तसाच राखावा. हवा आत येण्यास वाट आणि बाहेर पडण्यास त्याहून मोठी वाट ठेवावी. तारा, प्लग, उष्णतेने आक्रसणाऱ्या नळ्या असे किरकोळ साहित्य पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळून जाते. परदेशी ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२मध्ये बंदी घातली, तेव्हा सुटे भाग त्यातून वगळले होते. त्यामुळे मोटर-कंट्रोलर मिळण्यास तेव्हा आडकाठी आली नाही.

हलक्या मोटरीची एक किंमत चुकवावी लागते, ती तोलाची. उदाहरणातल्या विमानाच्या नाकावरचे १२५ ग्रॅम कमी झाले. ते गुरुत्वमध्यापासून २४ सेंटिमीटर पुढे होते. हा तोल सावरण्यासाठी पूर्वी गुरुत्वमध्यापाशी असलेल्या बॅटरीच्या जागी आलेली १९० ग्रॅमची बॅटरी सुमारे १६ सेंटिमीटर पुढे न्यावी लागेल. नाकात शिसे भरण्यापेक्षा हा उपाय केव्हाही चांगला; पण त्यासाठी नाकात तेवढी जागा आहे का, हे बॅटरी विकत घेण्यापूर्वी पाहावे. पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर दोन बोटे ठेवून उचललेले विमान सपाट किंवा किंचित नाक झुकवून राहिले पाहिजे. शेपटीकडे झुकणारे विमान उडवू नये.

जमिनीवरची परीक्षा

सर्व जोडणी होईपर्यंत प्रोपेलर लावू नये. ब्रशलेस मोटर क्षणात पूर्ण वेग घेते आणि तिचा प्रोपेलर बोट कापू शकतो. नंतर विमान घट्ट बांधून, बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये वॅटमीटर लावून, प्रोपेलरच्या मागे उभे राहून १५ सेकंद पूर्ण थ्रॉटल द्यावा. १७ अँपिअरच्या हिशेबाला २३ दिसले, तर प्रोपेलर एक इंच लहान करावा. बॅटरी काढून मोटरीला हात लावावा. बोट टेकवता येत नसेल, तर जोडणी चुकली आहे.

इथे स्थानिक हवेचाही विचार हवा. हा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. उन्हाळ्यातल्या दुपारी ३५ अंशांवर इथली हवा समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा १२-१३ टक्के विरळ असते. म्हणजे जोर कमी, उतरण्याचा वेग जास्त. उलट डिसेंबरच्या पहाटे तीच हवा मेच्या दुपारपेक्षा सुमारे १० टक्के दाट असते आणि मोटर अधिक प्रवाह ओढते. मे महिन्यात काठावर पास झालेली जोडणी डिसेंबरात तापू शकते. कंट्रोलरमधली दीडपटीची सूट यासाठीच असते.

उडवायचे कुठे?

हिंजवडीच्या मोकळ्या माळांवर आता काचेच्या इमारती, उच्चदाबाच्या तारा आणि रहदारीचे रस्ते आहेत. त्यामुळे जागेची निवड मोटरीच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते. ऑगस्ट २०२१मध्ये जारी झालेल्या ड्रोन नियमांच्या कक्षेत दूरनियंत्रित विमानेही येतात. त्यांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे यान 'नॅनो' आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचे 'मायक्रो' होय. आपले विमान मायक्रो ठरते. व्यावसायिक हेतू नसेल, तर या वजनाला वैमानिकाचा परवाना लागत नाही. हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडता येते; चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे आणि त्याहून जवळ परवानगी लागते. हिंजवडी लोहगावपासून सरळ रेषेत सुमारे १९ किलोमीटरवर असल्याने त्या वर्तुळाबाहेर आहे, दिघी-भोसरीचा भाग मात्र आत येतो. शिवाय देहूरोड छावणी, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी अशी लष्करी आस्थापने या परिसरात आहेत. म्हणून प्रत्येक जागा सरकारी नकाशावर तपासावी, जागामालकाची परवानगी घ्यावी आणि माणसांच्या डोक्यावरून विमान नेऊ नये. हाताला सवय राहिली नसेल, तर जाणत्या वैमानिकाकडून पहिले उड्डाण करून घ्यावे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत विमानांचे नमुने बांधण्याचे शिक्षण दिले जाते. तिथून तयार झालेली मंडळी शहरात अनेक आहेत.

बदल करावाच का?

काही विमानांच्या बाबतीत याचे उत्तर 'थोडाच' असे आहे. मोटर सुस्थितीत असेल आणि विमान दुर्मीळ असेल, तर सात सेलच्या जुन्या बॅटरीऐवजी दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी लावूनही जवळपास तेवढाच दाब मिळतो आणि पाव किलोहून अधिक वजन वाचते. जुना कंट्रोलर लिथियमची राखण करत नाही, म्हणून बॅटरीला कमी दाबाची सूचना देणारा छोटा गजर लावणे आवश्यक आहे.

बाकीच्यांसाठी क्रम तोच : वजन, वॅट, प्रोपेलर, मोटर, कंट्रोलर, बॅटरी. हे सहा आकडे एका कागदावर लिहून झाल्याशिवाय पैसे काढू नयेत. काढलेली जुनी मोटर पुसून, कागदात गुंडाळून त्याच खोक्यात ठेवावी. विमान बांधणाऱ्याच्या हिशेबाची ती एकमेव साक्ष असते. त्यानंतर हिवाळ्यातली एखादी वारा पडलेली सकाळ पाहून विमान बाहेर काढावे आणि पहिल्या उड्डाणात थ्रॉटल अर्ध्याच्या फार पुढे नेऊ नये. योग्य निवड झाली असेल, तर तेवढ्यावरही ते उठते.